पळसदरीचा रुसलेला संगणक

“आक्का, हा मागच्या रांगेतला टोपीवाला कोण?” असे मी विचारले. आक्काने चष्मा सावरला, तोंड उघडले, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात तिचा चेहरा होता तसा थांबला. कर्ण्यातून सुताराच्या गिरमिटासारखा ‘र्र्र्र’ असा आवाज येऊ लागला. बाण हलेना, कळा दाद देईनात. शेवटी चालू-बंदची कळ दहा सेकंद दाबून धरली, यंत्र बंद केले, पुन्हा चालू केले, पुण्याला पुन्हा जोडून घेतले. या खटाटोपात सात-आठ मिनिटे गेली असतील. तेवढ्यात आक्का टोपीवाल्याला विसरली होती. “केव्हा आलास?” तिने मला विचारले.

ही ९ जुलै २०२४ ची गोष्ट. तारीख इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याच दिवसापासून मी एक वही घातली. त्या वहीचे काम पुढे येईल.

आक्का ही माझी थोरली बहीण. वय शहाऐंशी. पुण्याला मुलाकडे असते. सकाळी काय खाल्ले ते तिला दुपारी आठवत नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी कोणाच्या मुंजीत कोण रुसले होते ते विचारा, घडाघडा सांगेल. आमच्या वडिलांच्या पेटीत सुमारे चारशे जुने फोटो निघाले. भाच्याने ते संगणकात उतरवून दिले. त्यांतल्या माणसांची नावे सांगणारे आता आक्काखेरीज कोणी उरलेले नाही. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता मी पळसदरीहून एकेक फोटो तिच्या पडद्यावर दाखवतो, ती माणसे ओळखते, आणि मी नावे तिथल्या तिथे टंकून ठेवतो. मोबाइलवर हे करून पाहिले. पण त्या तळहाताएवढ्या चौकटीत फोटोही दाखवायचा, आक्काशी बोलायचेही आणि लिहायचेही, हे माझ्या बोटांना जमेना. आणि तिची आठवण म्हणजे श्रावणातले ऊन. पडले आहे तोवर वाळवण घालून घ्यावे.

अशा कामात यंत्राने रुसावे, याचा राग मला का आला ते आता वाचकांच्या लक्षात येईल.

कर्जतहून खोपोलीकडे निघाले की पहिले स्टेशन पळसदरी. एका अंगाला सोनगिरीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला तलाव, आणि रात्रंदिवस घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांची घरघर. पावसाळ्यात येथे हवेत पाणी असते की पाण्यात हवा असते हे सांगणे कठीण. काडेपेटीतली काडी पेटत नाही, पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतात. त्या दमटपणाने असेल किंवा आठ वर्षांच्या वापराने असेल, जूनमध्ये आमच्या लॅपटॉपमधले वायफायचे कार्ड मेले. वायफायची खूणच पडद्यावरून नाहीशी झाली.

मी शाळामास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण प्रयोगशाळेतली हातोटी गेलेली नाही. मनात म्हटले, एक स्क्रू आणि दोन तारा, यात काय मोठे? कर्जतहून लोकल धरून दादरला उतरलो, तेथून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून नवे कार्ड घेऊन रात्री घरी परत. रस्त्याच्या पाटीवर ‘डॉ. भडकमकर मार्ग’ असे आहे, पण सुट्या भागांसाठी तेथे जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो.

या कार्डांची जातकुळी आधी समजून घेतली असती तर बरे झाले असते. दिसायला सगळी सारखीच, बावीस मिलिमीटर रुंद आणि तीस मिलिमीटर लांब, पोस्टाच्या तिकिटाएवढी. पण काही कार्डे स्वयंपूर्ण असतात आणि काही अर्धीच असतात. अर्ध्या कार्डांचा उरलेला भाग संगणकाच्या मुख्य चिपमध्ये असतो, आणि ती चिप त्या जातीची नसेल तर कार्ड खाचेत बसूनही निरुपयोगी. इंटेलचे एएक्स-२०० कोणत्याही योग्य खाचेत चालते, पण त्याचे भावंड एएक्स-२०१ निवडक इंटेल यंत्रांतच चालते. नावात एका अंकाचा फरक! शिवाय काही कंपन्यांचे लॅपटॉप असे सोवळे पाळतात की, त्यांच्या यादीतले कार्ड नसेल तर यंत्र सुरूच होत नाही. माझे नशीब एवढे चांगले की कार्ड स्वयंपूर्ण जातीचे निघाले आणि लॅपटॉपही सोवळ्याचा नव्हता. फक्त आधीचे कार्ड एका कंपनीचे होते, नवे दुसऱ्या.

बॅटरीची जोडणी सोडवली, जुने कार्ड काढले, नवे तिरपे खाचेत सारून आडवे केले आणि स्क्रू आवळला. खरी परीक्षा अँटेनाच्या दोन तारांची. एक काळी, एक पांढरी. टोकाला मोहरीएवढी पितळी टिकली. ती नेमकी वर धरून दाबायची, टच् झाले की बसली. ही टिकली तीसएक वेळा काढ-घाल सोसेल एवढ्याच बेताने बनवलेली असते. माझा हात कापतो, पण बसली. वायफायची खूण उगवली. सौ.ने त्या आनंदात भजी केली.

आणि तिसऱ्या दिवशी टोपीवाल्याच्या वेळी यंत्र थांबले.

यंत्र मंदावणे वेगळे आणि थांबणे वेगळे. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कळपाटावर ‘कॅप्स लॉक’ नावाची कळ असते. ती दाबली की एक दिवा लागतो किंवा विझतो. दिवा दाद देत असेल तर यंत्र जिवंत आहे, एखादा प्रोग्रॅमच अडला आहे. दिवाही ढिम्म असेल तर सबंध यंत्रच थांबले आहे. माझा दिवा ढिम्म होता.

पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कार्डाने सबंध संगणक थांबावा कसा, हे मला आधी पटेना. मग वाचत बसलो. संगणकाला बाहेरून जोडलेली माउससारखी साधने ही दारात उभ्या राहणाऱ्या माणसांसारखी. त्यांचे देणे-घेणे दारावरचा माणूस पाहतो. त्यांच्यातले कोणी मेले तरी घर चालूच राहते. पण आतल्या खाचेत बसलेले कार्ड म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत मुभा असलेला घरचा गडी. हवेतून आलेला मजकूर ते प्रोसेसरला न विचारता परस्पर संगणकाच्या स्मृतीत नेऊन ठेवते. प्रोसेसरही त्याला मधून मधून काही विचारतो आणि उत्तर येईपर्यंत खोळंबून उभा राहतो. उत्तर आलेच नाही, तर तो तसाच उभा.

हे समजले, तरी गुन्हेगार कार्डच हे सिद्ध कसे व्हायचे? झाकण मीच उघडले होते. माझ्या कापऱ्या हाताने शेजारची स्मृतीची पट्टी हलली असेल. पट्टी काढून पुन्हा बसवली, विंडोजमध्येच असलेली स्मृतीची तपासणी रात्रभर चालवली. निर्दोष. पंख्यात धूळ अडकून यंत्र तापत असेल, म्हणून ब्रशाने पंखा साफ केला. फरक नाही. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, विंडोज पुसून पुन्हा टाका.” हल्लीच्या मुलांचा हा रामबाण आहे, पोट दुखले तरी विंडोज पुन्हा टाकतील. फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन तेही केले. एक अख्खा रविवार गेला आणि सोमवारी संध्याकाळी यंत्र पुन्हा थांबले. कर्जतच्या एका दुरुस्तीवाल्याने तर झाकण न उघडताच “मदरबोर्ड गेला, नवीन घ्या” असा निकाल दिला. त्याच्या दुकानात नवीन होतेच.

मग मी मास्तरांच्या पद्धतीने सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवे कार्ड काढून ठेवले आणि बाहेरून लावायचे वायफायचे बोटुक आणले. चार दिवस यंत्र एकदाही थांबले नाही. तेव्हा मदरबोर्ड सुटला. कार्ड पुन्हा बसवले. दुसऱ्या दिवशी थांबले. दुकानदार भला माणूस. त्याने त्याच जातीचे दुसरे कार्ड बदलून दिले. तेही थांबले. म्हणजे तो एक नग खराब होता असेही म्हणता येईना. कार्ड खाचेत तसेच ठेवून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते नुसते निष्क्रिय केले, तर यंत्र ठीक. कार्ड चांगले, खाच चांगली, स्मृती चांगली, आणि एकत्र आले की भांडण! अशी घरे आपण पाहिलेली असतात, पण संगणकात हे नवीन होते.

बोटुक लावून काम चालत होते तर तेवढ्यावर का भागवले नाही, असे कोणी विचारील. आमच्या घराच्या भिंती जुन्या, दोन फूट जाड. बोटकाला दोन खोल्यांपलीकडची लहर नीट पकडता येत नव्हती आणि आक्काचा आवाज तुटत होता. एवढे एक कारण. दुसरे खरे कारण असे की, मला आता हट्ट चढला होता.

इथे वही कामाला आली. थांबण्याची तारीख, वेळ, त्या वेळी काय चालले होते, पाऊस होता की नव्हता, सगळे मी लिहीत होतो. अकरा नोंदी झाल्या होत्या. कधी फोटो चालू असताना, कधी नुसते वर्तमानपत्र उघडून ठेवलेले असताना, कधी सकाळी, कधी रात्री. मला त्यात काही सूत्र दिसेना. मी वही घेऊन स्वयंपाकघरात बसलो होतो आणि मोठ्याने वाचत होतो. सौ. भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी उभी होती. तिची पद्धत अशी की, दुधाच्या हिशेबाशेजारी वीज कधी गेली आणि कधी आली तेही ती पेन्सिलीने टिपते. कारण पंप चालवून टाकी भरायची असते. मी म्हणालो, “बारा तारीख, सात वाजून वीस मिनिटे.” ती म्हणाली, “सात-पंधराला वीज गेली होती.” मी म्हणालो, “पंधरा तारीख, सकाळी नऊ.” ती म्हणाली, “पावणेनऊ ते साडेदहा वीज नव्हती.” मग मात्र मी उठून उभा राहिलो.

अकरापैकी नऊ नोंदी जुळल्या.

विजेचे हे दुःख आमच्याकडे काहीसे मजेशीर आहे. येथून पलीकडे खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पोचवायची, असा तो बेत. शंभर वर्षांहून अधिक काळ आमच्या परिसरात वीज जन्मते; पण आषाढात एखादी फांदी तारेवर पडली की आम्ही अंधारात. घरात इन्व्हर्टर आहे. वायरमनने त्यावर एक पंखा, दोन दिवे आणि वायफायचा राउटर एवढेच जोडले आहे. संगणकाच्या मेजाजवळचे बटण त्यावर नाही. म्हणजे वीज गेली की राउटर चालू राहतो, आक्काचा चेहरा दिसत राहतो, आणि लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर जातो. गेली आठ वर्षे तो असाच जात होता, म्हणून माझे तिकडे लक्षच गेले नव्हते.

मला वाटले, विजेच्या झटक्याने यंत्र थांबत असावे. वायरमनलाही तसेच वाटले. पण उरलेल्या दोन नोंदी या उत्तरात बसत नव्हत्या. त्यांतली एक १७ जुलैची, आषाढी एकादशीची. त्या दिवशी वीज अजिबात गेली नव्हती, हे कालनिर्णय सांगत होते. मी वहीत वेळ पाहिली, दुपारी चार. आणि आठवले, त्या दुपारी उघडीप पडली म्हणून मी लॅपटॉप उचलून ओटीवर नेऊन बसलो होतो. ओटीवर वायर पोचत नाही. दुसरी नोंदही ओटीवरचीच. म्हणजे विजेचा झटका नव्हे, तर लॅपटॉप बॅटरीवर असणे, हे कारण. त्या दोन न जुळणाऱ्या नोंदींनी जेवढे सांगितले तेवढे नऊ जुळणाऱ्या नोंदींनी सांगितले नव्हते.

आता बॅटरीवर गेल्यावर संगणक काय वेगळे करतो? काटकसर करतो. पडदा मंद करतो, प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि आणखी एक गोष्ट करतो जी मला ठाऊक नव्हती. कार्ड आणि खाच यांच्यामधला जो अतिवेगवान रस्ता असतो, ज्याला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात, तो नुसता उघडा ठेवायलाही वीज लागते. म्हणून रहदारी नसेल तेव्हा दोन्ही टोके डुलकी घेतात. एक उथळ डुलकी असते, एक गाढ झोप. दोन निरोपांच्या मधल्या क्षणमात्र फटीतही ही झोप लागते आणि निरोप आला की दोघांनी एकदम जागे व्हायचे असते. जागे व्हायला आपल्याला किती मायक्रोसेकंद लागतील हे प्रत्येक टोकाने आधी सांगून ठेवलेले असते. त्या बोलण्यात आणि करण्यात अंतर पडले, की एक टोक हाका मारीत उभे आणि दुसरे झोपलेले. जुने कार्ड लॅपटॉपबरोबर कारखान्यातून पारखून आले होते, त्या दोघांची झोप जमलेली होती. नव्याची जमत नव्हती.

भाच्याने मागे सांगितलेले आठवले आणि विंडोजचे ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडले. ही यंत्राची रोजनिशी. प्रत्येक थांबण्याशेजारी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद होती. ती पाहून पुष्कळ जण वीजपुरवठा बदलायला धावतात. तिचा अर्थ एवढाच की, यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. ते मीच कळ दाबून केले होते. उपयोगाची नोंद तिच्या आधीची होती : ‘व्हीआ-लॉगर १७’, आणि पुढे ‘पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट’. रस्त्याच्या त्या टोकाला चुका होत होत्या आणि त्या निभावून नेल्या जात होत्या. एक दिवस एखादी निभत नव्हती.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात प्रगत सेटिंगे, त्यात पीसीआय एक्स्प्रेस, आणि त्यात ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’. माझ्या यंत्रात वीज असताना ते मध्यम होते आणि बॅटरीवर कमाल. दोन्हीकडे ‘ऑफ’ केले. (काही नव्या यंत्रांत हा पर्याय पडद्यावर दिसतच नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना हीच गोष्ट ‘एएसपीएम’ या नावाखाली सापडेल.)

त्या आनंदात मी शेजारच्या काटेवाल्यांना बोलावून चहा पाजला. सगळी हयात घाटात रेल्वेचे काटे ओढण्यात गेलेली. संगणकाचे त्यांना काही नाही, पण माझी कर्मकथा ते महिनाभर ऐकत होते. मी म्हणालो, “सापडलं!” ते म्हणाले, “थांबवून बघितली का, मास्तर?”

मला कळेना. मग त्यांनी समजावले. १८६३ साली बोरघाटाची गाडी सुरू झाली तो हा घाट. उतरणीवर ठिकठिकाणी कॅच सायडिंग असतात. मुख्य मार्गाला फुटून डोंगरावर चढत जाणारा रुळांचा तुकडा. ब्रेक गेलेली गाडी त्यावर चढून आपोआप थांबावी म्हणून. काटा नेहमी त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने अलीकडे थांबून दाखवायचे. मगच काटा मुख्य मार्गाला लागतो. “थांबून दाखवीपर्यंत गाडीचा ब्रेक गेलेलाच आहे, असं धरायचं,” ते म्हणाले. “तुमची चार दिवस चालली म्हणजे बरी झाली, असं कुणी सांगितलं?”

बोलणे खरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, आक्काची वेळ नसताना, मी सेटिंग मुद्दाम पूर्ववत केले आणि भिंतीतला प्लग उपटला. वर्तमानपत्र उघडून बसलो. चाळीस मिनिटांनी बाण थांबला, कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म. इतका आनंद यंत्र बिघडल्याचा मला कधी झाला नव्हता. सेटिंग ‘ऑफ’ केले, प्लग तसाच बाहेर ठेवला. बॅटरी संपेपर्यंत यंत्र चालले. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रयोग पुन्हा केले, उत्तर तेच. काटेवाल्यांनी पुढे जायला परवानगी दिली.

किंमत म्हणाल तर बॅटरी पूर्वीपेक्षा थोडी लवकर उतरते. यंत्राचे मूळ बायोस नवे केले तर दोघांची झोप कदाचित जुळेलही, असे भाच्याचे म्हणणे. पण ते काम अर्ध्यात असताना वीज गेली आणि उतरती बॅटरी दगा देऊन गेली, तर यंत्र कायमचे जायचे. पळसदरीच्या आषाढात असले साहस करू नये. दिवाळीनंतर पाहू, असे मी त्याला सांगितले. पाहिलेले नाही.

श्रावणात एका संध्याकाळी सव्वासातला धो धो पाऊस आला आणि वीज गेली. पडदा किंचित मंद झाला. माझा हात सवयीने कळीकडे गेला. पण कोपऱ्यातल्या चौकोनात आक्काचा पदर हलत होता, सूनबाई मागून पाणी देत होती. मी तो पहिला फोटो पुन्हा लावला.

“आक्का, मागच्या रांगेतला टोपीवाला कोण?”

ती पडद्याच्या अगदी जवळ आली. बराच वेळ पाहत राहिली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“ह्याला नाही रे मी ओळखत,” ती म्हणाली. “पण टोपी आप्पांची आहे. काठाला जळल्याची खूण आहे बघ.”

मी फोटो मोठा करून पाहिला. खूण होती. मी तेवढेच टंकले, ‘टोपी आप्पांची’, आणि पुढचा फोटो लावला.